आठ लाख श्रोते, चाळीस माणसं: तरुण रॅपरची लोकप्रियता मोजायची कशी?

एका एकोणीस वर्षांच्या रॅपरच्या पहिल्या मोठ्या कार्यक्रमासाठी सभागृह मीच सुचवलं होतं. त्याच्या स्पॉटिफाय प्रोफाइलवर आठ लाख मासिक श्रोते दिसत होते, म्हणून सहाशे खुर्च्यांचं. आली चाळीस माणसं, त्यातली निम्मी मित्रमंडळी. पोरगा जीव तोडून गायला. मी मागे उभा राहून मोबाइलवर तोच आकडा पुन्हा पुन्हा बघत होतो. आकडा खरा होता, वाचणारा कच्चा होता.

नंतर कळलं की त्याचं एक गाणं रात्री अभ्यास करताना लावायच्या कुठल्याशा प्लेलिस्टमध्ये जाऊन बसलं होतं. लाखो कानांवरून ते रोज जात होतं, पण गाणाऱ्याचं नाव फार थोड्यांना ठाऊक होतं. तेव्हापासून मी मुख्यतः एकच गोष्ट शोधतो: परत येणारा श्रोता. आवाज किती जणांपर्यंत पोचला, यावरून वितरण कळतं. किती जण नाव शोधत परत आले, यावरून लोकप्रियता कळते. खाली दिलेल्या पद्धतीला एक साधी स्प्रेडशीट, आठवड्यातून अर्धा तास आणि बारा आठवड्यांचा धीर लागतो. धीर सगळ्यात महाग.

## आधी प्रश्न लिहून काढा

कार्यक्रम ठेवणाऱ्याला एका शहरातली तिकिटं मोजायची असतात. करार करू पाहणाऱ्या लेबलला, म्हणजे संगीत कंपनीला, पुढची दोन वर्षं दिसायला हवी असतात. लेख लिहिणाऱ्याला बरोबरीच्या कलाकारांशी तुलना हवी असते आणि रॅपरला स्वतःला, पुढचं गाणं कोणासाठी करतोय, हे हवं असतं. या चौघांना एकच आकडा पुरत नाही. 'तो किती पॉप्युलर आहे?' हा प्रश्न मोजता येत नाही. 'त्याच्या नावावर या शहरात तीनशे तिकिटं जातील का?' हा येतो.

## पहिली पायरी: कुठला आकडा काय मोजतो, ते समजून घ्या

सगळा घोळ इथेच होतो, त्यामुळे इथे जरा रेंगाळू.

स्पॉटिफायवर गाणं ३० सेकंद वाजलं की एक स्ट्रीम धरला जातो. बाकीचं ऐकलं की नाही, हे त्या आकड्यात दिसत नाही. मासिक श्रोते म्हणजे मागच्या २८ दिवसांत ज्यांनी किमान एकदा ऐकलं अशी वेगवेगळी खाती. ही खिडकी रोज एक दिवस पुढे सरकते. त्यामुळे महिन्याभरापूर्वी गाजलेलं गाणं खिडकीबाहेर पडलं की आकडा धाडकन खाली येतो आणि लोक म्हणतात, 'संपला हा.' संपलेला नसतो, फक्त ती गर्दी मोजणीतून बाहेर गेलेली असते.

फॉलोअर्सचा आकडा याच्या अगदी उलट वागतो. तो हळूहळू चढतो आणि क्वचितच उतरतो, कारण फॉलो काढायला कोणी मुद्दाम जात नाही. ज्याने पाच वर्षांपूर्वी फॉलो केलं आणि नंतर एकदाही ऐकलं नाही, तोही त्यात आहेच.

मासिक श्रोत्यांचा आकडा फुगवणारी सर्वांत सभ्य गोष्ट म्हणजे कोलॅब. एखाद्या मोठ्या गायकाच्या गाण्यात आपल्या रॅपरने बारा ओळींचं कडवं म्हटलं आणि कलाकार म्हणून त्याचं नाव लागलं, की त्या गाण्याचे सगळे श्रोते त्याच्याही खात्यात जमा होतात. म्हणून प्रोफाइल उघडल्यावर मी आधी बघतो की वरच्या पाच गाण्यांपैकी किती त्याची स्वतःची आहेत. पाचपैकी चार दुसऱ्यांची असतील तर तो पाहुणा म्हणून लोकप्रिय आहे. तीही कमाईच, पण वेगळी.

यूट्यूबवर व्ह्यूज पाहताना आधी लांब व्हिडिओ आणि शॉर्ट्स वेगळे करा. ३१ मार्च २०२५ पासून शॉर्ट सुरू झाला की लगेच व्ह्यू मोजला जातो, किती सेकंद पाहिला याची अट नाही. त्यामुळे त्या तारखेच्या आधीचे आणि नंतरचे शॉर्ट्सचे व्ह्यूज एकाच आलेखावर ठेवलेत तर वाढ दिसेलच, रॅपरने काहीही केलं नसलं तरी.

ॲपल म्युझिक सर्वसामान्यांना प्लेचे आकडे दाखवतच नाही, ते कलाकाराच्या स्वतःच्या डॅशबोर्डवर, म्हणजे फक्त त्यालाच उघडणाऱ्या आकडेवारीच्या पानावर, दिसतात. आणि रीलमध्ये किंवा टिकटॉकवर 'या आवाजावर इतके व्हिडिओ' असं लिहिलेलं असतं, तो वापराचा आकडा असतो. लोकांनी पंधरा सेकंदांचा तुकडा नाचायला घेतला आहे. गाण्याचं नाव त्यातल्या कितींना सांगता येईल, हा प्रश्न उरतोच.

## दुसरी पायरी: वही घाला

दर आठवड्याला एकाच वारी, शक्यतो एकाच वेळी नोंद करा. मी गुरुवारी रात्री करतो. जुलै २०१५ पासून जगभर नवी गाणी शुक्रवारी येतात आणि अमेरिकेच्या चार्टचा, म्हणजे गाण्यांच्या क्रमवारीचा, आठवडाही शुक्रवार ते गुरुवार असतो, म्हणून हा वार सोयीचा.

रकाने थोडेच ठेवा: मासिक श्रोते, फॉलोअर्स, प्रत्येक गाण्याचे एकूण स्ट्रीम, यूट्यूबवर प्रत्येक लांब व्हिडिओचे व्ह्यूज आणि सबस्क्रायबर्स, स्पॉटिफायच्या परिचयपानावर दिसणारी वरची पाच शहरं आणि त्यांचे श्रोते. शेवटी एक मोकळा रकाना 'काय घडलं' म्हणून ठेवा. नवं गाणं, भांडण, मुलाखत, कोणा मोठ्याने स्टोरीत नाव घेतलं, काहीही. तीन महिन्यांनी आलेखातला उंचवटा बघताना हाच रकाना कामी येतो.

दोन खबरदाऱ्या. एकाच नावाचे दोन रॅपर असले की गाणी एकमेकांच्या प्रोफाइलवर जाऊन बसतात, हे वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा घडतं. यादीतलं प्रत्येक गाणं खरंच त्याचंच आहे का, ते एकदा कान देऊन तपासा. दुसरं म्हणजे एकाच गाण्याच्या मूळ, वेगवान, संथ, शिव्या गाळलेल्या अशा चार आवृत्त्या असतात. त्या एका गाण्याखाली जोडा.

## तिसरी पायरी: तीन भागाकार

मोठे आकडे एकमेकांना भागले की बोलायला लागतात. समजा, दोन रॅपर आहेत, 'अ' आणि 'ब'.

'अ'चे मासिक श्रोते ६ लाख. आजच्या एकूण स्ट्रीममधून चार आठवड्यांपूर्वीचे वजा केले तर फरक ९ लाख. म्हणजे माणशी दीड स्ट्रीम. 'ब'चे श्रोते ७० हजार, स्ट्रीम ५ लाख ६० हजार. माणशी आठ. पहिल्याकडे लोक वाट चुकून येतात, दुसऱ्याकडे राहायला येतात. माझा ठोकताळा असा की दोनच्या खाली आकडा असेल तर तो वाटसरूंचा समजायचा आणि चारच्या वर गेला की नीट बसून पुढचं तपासायचं. हा ठोकताळाच आहे, नियम नाही. ज्याची एकूण चारच गाणी आहेत त्याला माणशी आठ स्ट्रीम मिळवणं अवघड आणि ज्याने वर्षात साठ गाणी सोडली त्याला सोपं, म्हणून शेजारी गाण्यांची संख्या लिहा.

दुसरा भागाकार एका गाण्याच्या ओझ्याचा. 'अ'च्या ९ लाखांपैकी ७ लाख ४० हजार एकाच गाण्याचे, म्हणजे ८२ टक्के. 'ब'च्या सर्वांत गाजलेल्या गाण्याचा वाटा २० टक्के. 'अ'चं ते गाणं प्लेलिस्टमधून काढलं की काय उरेल, याचं गणित तोंडी करता येतं.

तिसरा, फॉलोअर्स भागिले मासिक श्रोते. 'अ'कडे ९ हजार फॉलोअर्स, दीड टक्का. 'ब'कडे २१ हजार, तीस टक्के. इथे मात्र सांभाळून. मावळतीला लागलेल्या कलाकाराचं हे प्रमाणही भरघोस दिसतं, कारण श्रोते गेले तरी फॉलोअर्स राहतात. म्हणून हा आकडा एकटा कधीच वाचू नका. बारा आठवड्यांत फॉलोअर्स किती नव्याने वाढले, तेही पाहा.

माझ्या त्या आठ लाखवाल्या पोराचे हे तिन्ही भागाकार 'अ'सारखेच होते. पाच मिनिटांचं काम होतं.

## चौथी पायरी: श्रोता चालत आला की आणला गेला?

बाहेरून एवढंच दिसतं. पुढचं पाहायला कलाकाराचा डॅशबोर्ड हवा. रॅपर ओळखीचा असेल तर शेजारी बसून त्याच्याच फोनवर बघा. स्क्रीनशॉट मागू नका, आकडे बदललेला स्क्रीनशॉट बनवायला दोन मिनिटंही लागत नाहीत.

स्पॉटिफायचा डॅशबोर्ड स्ट्रीमचे उगम दाखवतो. श्रोत्याने स्वतःच्या संग्रहातून, स्वतःच्या प्लेलिस्टमधून, कलाकाराच्या प्रोफाइलवरून किंवा शोधून ऐकलं, हा एक गट. स्पॉटिफायच्या संपादकांनी निवडलेल्या प्लेलिस्ट, अल्गोरिदमच्या प्लेलिस्ट, रेडिओ, आपोआप पुढे वाजलेलं गाणं, हा दुसरा. पहिल्या गटाचा वाटा महिनोन्महिने टिकत असेल तर जमीन घट्ट आहे. दुसरा गट वाईट नसतो, नवा श्रोता तिथूनच येतो. प्रश्न एवढाच की तिथून आलेले लोक पुढच्या महिन्यात पहिल्या गटात दिसतात का.

स्पॉटिफायचा डिस्कव्हरी मोड सुरू आहे का, हेही विचारा. या सोयीत कलाकार कमी रॉयल्टी घ्यायला तयार होतो आणि अल्गोरिदम त्याचं गाणं जास्त सुचवतो. यात लबाडी नाही, पण त्या काळातली वाढ स्वबळाची म्हणून मोजता येत नाही.

यूट्यूबवर नवे, अधूनमधून येणारे आणि नियमित येणारे प्रेक्षक अशी विभागणी मिळते. रॅपच्या बाबतीत व्हिडिओच्या टिकावाचा आलेखही पाहा. हूक, म्हणजे गाण्याची पुन्हा पुन्हा येणारी ओळ, संपल्यावर आलेख कोसळतो का, की दुसऱ्या कडव्यापर्यंत लोक थांबतात? ज्याचं दुसरं कडवं ऐकलं जातं, त्याला लोक शब्दांसाठी ऐकतायत. रॅपरसाठी यापरतं चांगलं लक्षण मला माहीत नाही.

## पाचवी पायरी: पहिला आठवडा विसरा, बारावा बघा

गाणं आलं त्या आठवड्याचे स्ट्रीम १०० धरा. मग चौथ्या आणि बाराव्या आठवड्यात किती उरले ते लिहा. मित्र, नातेवाईक, जाहिरात, उत्सुकता हे सगळं पहिल्या आठवड्यात खर्च होतं. दोन गाण्यांचे असे उतार एकमेकांशेजारी ठेवले की कोणतं गाणं लोकांच्या घरात शिरलं, ते दिसतं.

एखादं गाणं अचानक पेटलं असेल तर त्याच्या आलेखाकडे कमी आणि त्यानंतरच्या गाण्याकडे जास्त लक्ष द्या. अमेरिकन रॅपर लिल नास एक्सचं 'ओल्ड टाउन रोड' टिकटॉकवरून उसळलं आणि २०१९ मध्ये बिलबोर्ड हॉट १०० या अमेरिकेच्या गाण्यांच्या चार्टवर सलग १९ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. त्या काळात 'एका गाण्याचा पाहुणा' म्हणणारे कमी नव्हते. त्याचं उत्तर त्या १९ आठवड्यांत नव्हतंच. त्यानंतर आलेलं 'पनिनी' पाचव्या क्रमांकापर्यंत गेलं, तेव्हा कळलं की लोक गाण्यामागून गाणाऱ्यापर्यंत पोचले आहेत.

## सहावी पायरी: एका खिडकीतून गाव बघू नका

तरुण रॅपरचा श्रोता बऱ्याचदा पैसे भरून ऐकणारा नसतो. तो यूट्यूबवर असतो, साउंडक्लाउडवर असतो, मित्राने पाठवलेल्या फाइलमध्ये असतो. अमेरिकेतला यंगबॉय नेव्हर ब्रोक अगेन हे याचं ठळक उदाहरण. रेडिओवर फारसा न वाजणारा हा पोरगा यूट्यूबवर वर्षानुवर्षं अग्रभागी राहिला. २०२१ मध्ये तो तुरुंगात असताना त्याचा अल्बम बिलबोर्ड २०० या अमेरिकेच्या अल्बम चार्टवर पहिला आला, तेव्हा रेडिओवरून अंदाज बांधणारे गोंधळले.

उलट दिशेचं उदाहरण अमेरिकेतल्याच चान्स द रॅपरचं. मे २०१६ मध्ये त्याचं 'कलरिंग बुक' हे गाण्यांचं संकलन पहिले दोन आठवडे फक्त ॲपल म्युझिकवर होतं. त्या पंधरवड्यात स्पॉटिफायवर त्याची लोकप्रियता मोजायला बसलेल्याला या कामाचा मागमूसही लागला नसता. दरम्यान ते फक्त स्ट्रीमच्या बळावर बिलबोर्ड २०० वर आठव्या क्रमांकाने दाखल झालं, असं होण्याची ती पहिलीच वेळ होती.

म्हणून किमान दोन प्लॅटफॉर्मवर समान कल दिसल्याशिवाय निष्कर्ष लिहू नका. आकडे मात्र एकमेकांत मिसळू नका. यूट्यूबचे १० लाख आणि स्पॉटिफायचे १० लाख यांची बेरीज २० लाख होत नाही. तेच लोक दोन्हीकडे असू शकतात.

## सातवी पायरी: विकत घेतलेली गर्दी ओळखा

बनावट स्ट्रीमची खूण बहुधा आलेखाच्या आकारात असते. खरी गर्दी शनिवार-रविवारी वरखाली होते, परीक्षेच्या दिवसांत बदलते. विकतची गर्दी एका दिवशी सुरू होते, पट्टीने आखल्यासारखी सपाट चालते आणि एका दिवशी थांबते. श्रोते चौपट होऊनही फॉलोअर्स, कमेंट आणि नावाचा शोध जागचे हलत नाहीत. वरच्या पाच शहरांत अशी नावं येतात जिथे त्या भाषेचा माणूस सापडणं कठीण.

सराईत लोक यापुढे गेले आहेत. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या सरकारी वकिलांनी एका माणसावर ठेवलेल्या आरोपपत्रात म्हटलं होतं की त्याने कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेली लाखो गाणी चढवून, बॉटकरवी, म्हणजे आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमकरवी, ती वाजवून १ कोटी डॉलरहून अधिक रॉयल्टी उचलली. युक्ती अशी होती की कोणतंही एक गाणं फार वर येऊ द्यायचं नाही, म्हणजे संशय येत नाही.

जाहिरात ही यापेक्षा वेगळी गोष्ट, पण तीही वेगळी मोजावी लागते. जुलै २०१९ मध्ये बादशाहच्या 'पागल'ला २४ तासांत साडेसात कोटी व्ह्यूज मिळाले. त्यात यूट्यूबवर रीतसर विकत घेतलेल्या जाहिरातींचा वाटा होता आणि यूट्यूबने तो विक्रम म्हणून जाहीर केला नाही. त्याच वर्षी सप्टेंबरपासून यूट्यूबने आपल्या संगीत चार्टमधून आणि २४ तासांच्या विक्रमांतून जाहिरातीचे व्ह्यूज वगळले. व्हिडिओखालचा आकडा मात्र सगळं मिळूनच असतो, हे लक्षात असू द्या.

आणि संशय आला म्हणून लगेच पोराच्या अंगावर जाऊ नका. 'तुमचं गाणं मोठ्या प्लेलिस्टमध्ये टाकून देतो' म्हणणाऱ्याला पैसे देऊन फसलेले रॅपर मी पाहिले आहेत. बॉट त्यांनी मागवलेले नसतात.

## आठवी पायरी: चार्ट आणि सर्टिफिकेट, पण गणित समजून

चार्ट म्हणजे कोणीतरी ठरवलेलं सूत्र. मे १९९१ पर्यंत अमेरिकेतला अल्बम चार्ट दुकानदारांच्या तोंडी सांगण्यावर चालायचा. साउंडस्कॅन या विक्री मोजणाऱ्या यंत्रणेने बारकोड वाचून विक्री मोजायला सुरुवात केली आणि महिन्याभरात एन.डब्ल्यू.ए. हा रॅप गट पहिल्या क्रमांकावर दिसला. ऐकणारे आधीही होते, मोजणारे बदलले.

स्ट्रीमच्या काळातही सूत्र बदलतच आलं. डिसेंबर २०१४ मध्ये बिलबोर्डने १,५०० स्ट्रीम म्हणजे एक अल्बम असं धरलं. चान्सचे पहिल्या आठवड्यातले ५ कोटी ७३ लाख स्ट्रीम भागिले १,५००, म्हणजे सुमारे ३८ हजार अल्बम. २०१८ पासून पैसे भरून ऐकणाऱ्यांचे १,२५० किंवा फुकट ऐकणाऱ्यांचे ३,७५० स्ट्रीम एका अल्बमबरोबर झाले. जानेवारी २०२६ पासून हे आकडे १,००० आणि २,५०० आहेत. फुकट ऐकणाऱ्याला कमी वजन देण्यावर नाराज होऊन यूट्यूबने डिसेंबर २०२५ मध्ये आपली आकडेवारी बिलबोर्डला देणं बंद करण्याचं जाहीर केलं. यंगबॉयसारख्यांच्या चाहत्यांचा हिशोब इथे कुठे जातो, ते ज्याने त्याने बघावं.

ब्रिटनमध्ये २०१७ पासून मुख्य कलाकार म्हणून एकाच वेळी तीनच गाणी सिंगल्स चार्टमध्ये धरतात, त्यामुळे चौथं गाणं कितीही वाजलं तरी दिसत नाही.

अमेरिकेतलं गोल्ड सिंगल, म्हणजे एकट्या गाण्याला मिळणारं गोल्ड सर्टिफिकेट, म्हणजे ५ लाख युनिट आणि १५० स्ट्रीमचं एक युनिट. फक्त स्ट्रीमवर गोल्ड व्हायचं तर साडेसात कोटी हवेत. ही बेरीज गाण्याच्या आयुष्यभराची असते आणि सर्टिफिकेटसाठी अर्ज करावा लागतो. म्हणजे भिंतीवर सर्टिफिकेट नसणं हा कशाचाच पुरावा नाही.

## नववी पायरी: स्क्रीनच्या बाहेर या

शझाम हे वाजणारं गाणं ओळखून देणारं ॲप माझं आवडतं साधन, कारण तिथे माणूस कुठेतरी गाणं ऐकतो, थांबतो आणि फोन काढून विचारतो, 'हे कोण?' गूगल ट्रेंड्सवर गाण्याचं नाव आणि रॅपरचं नाव वेगवेगळं टाका. तिथला ० ते १०० हा आकडा सापेक्ष असतो, त्यामुळे दोन्ही नावं एकाच आलेखात घ्या. गाण्याची रेघ खाली येताना नावाची रेघ टिकून राहिली तर उत्तम.

मग छोटा कार्यक्रम, कमी दराचं का होईना, पण तिकीट लावून. फुकटच्या गर्दीवरून काही ठरत नाही. मी स्टेजकडे पाठ करून उभा राहतो आणि ओठ बघतो. गाजलेल्या गाण्याला सगळेच ओठ हलतात. यादीतल्या चौथ्या-पाचव्या गाण्याच्या दुसऱ्या कडव्याला किती हलतात, ते मोजतो. हा रकानाही वहीत आहे.

## शेवटी लिहायचं काय

शंभरपैकी गुण देऊ नका. चार वाक्यं लिहा, तारखेसह. 'ब'साठी मी असं लिहीन: '७० हजार मासिक श्रोते, माणशी आठ स्ट्रीम, कल दोन प्लॅटफॉर्मवर सारखा. निम्म्याहून जास्त ऐकणं श्रोत्याने स्वतः शोधून केलेलं. वरच्या शहरात ९ हजार श्रोते, तिथे दोनशे खुर्च्यांचा कार्यक्रम सुचवतो. पुढचं गाणं येऊन बारा आठवडे झाले की पुन्हा मोजावं.'

तो आठ लाखवाला पोरगा अजून गातो. त्याचे मासिक श्रोते आता एक लाख दहा हजार आहेत आणि माणशी स्ट्रीम सहा. मागच्या कार्यक्रमाला मी त्याला दीडशे खुर्च्या सांगितल्या. शेवटच्या रांगेतले बारा जण उभे होते.